दर्याकडच्या सदरेच्या खिडक्या

सन दोन हजार तेवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि आमच्या गावात माझ्याएवढा हट्टी माणूस दुसरा नव्हता. हे मी म्हणत नाही, माझी बायको शेवंती म्हणते. मी फक्त खोडून काढत नाही.

आज सकाळी घरामागच्या परड्यात गेलो तर काजूच्या बोंडांचा वास आला. गोड, तिखट, जरा आंबलेला. झाडाखाली लाल-पिवळी बोंडं पडलेली, त्यांवर माश्या, आणि वर फांदीत एक कावळा माझ्याकडे असा बघत होता की जणू झाड त्याच्या बापाचं. लोकांना या वासाने काय काय आठवतं. मला खिडक्या आठवतात. हात शिवशिवायला लागतात. रंधा कुठे ठेवला ते बघावंसं वाटतं. शिमगा जवळ आला, असं कॅलेंडर मला काय सांगणार? माझ्या नाकाला आधी कळतं.

मी शाळा चौथीत सोडली. मास्तर म्हणाले, याचं डोकं लाकडाचं आहे. बाबांनी ते खरं धरलं आणि मला लाकडावरच बसवलं. तेव्हा हे लिहिणं कानाने चाललंय. जसं ऐकू येतं तसं उतरवतो. कुठे वाकडं दिसलं तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

आमचा राजवाडा बघायला शिरोड्याच्या किनाऱ्यावरून पर्यटक येतात. रिक्षातून उतरतात, आणि राजवाड्यासमोर उभे राहूनच विचारतात, "राजवाडा कुठे आहे हो?" त्यांना घुमट पाहिजे असतो, संगमरवर पाहिजे असतो. आमच्याकडे जांभ्या चिऱ्याची भिंत आणि उतरतं कौलारू छप्पर. लांबून बघाल तर वाटेल एखादं मोठं देऊळ कळस लावायचं विसरलंय. पण उंबऱ्यातून आत पाऊल टाका. मार्चच्या उन्हातून आलेल्या माणसाच्या अंगावर माठातला गारवा पडतो. भिंती एवढ्या जाड की मी लहानपणी बाबांबरोबर आलो की खिडकीच्या कोनाड्यात आडवा झोपत असे, आणि पाय बाहेर येत नसत.

राज्य ते केवढं? मिठागरं, माडाची बनं, एका लहानशा बंदराची जकात. एवढ्यावर राजेपण चालवायचं. म्हणून राजवाडाही एकदम झाला नाही, जमेल तसा वाढला, गरिबाचं घर वाढतं तसाच. पहिल्या राजाने मधला चौक बांधला, चिऱ्यावर चिरा. त्याच्या मुलाने खाडीतून फणसाचे खांब तरंगत आणले आणि वरचा मजला चढवला. त्या खांबांना हात लावला तर अजून तुकतुकीत लागतात, पिवळे, हळदीच्या अंगासारखे. आणि त्याच्या नातवाने, जो गोव्यात जाऊन फिरंग्यांचे वाडे बघून आला होता, त्याने पश्चिमेला दर्याकडची सदर बांधली. लांबच लांब दालन. एका टोकाला राजाची बैठक, दुसऱ्या टोकाला दार, आणि मध्ये समुद्राच्या बाजूला ओळीने नऊ खिडक्या. खिडक्यांना काच नाही. शिंपले.

हे शिंपले तळहाताएवढे, चपटे, पापडासारखे पातळ. चौकोनी कापायचे आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांतून एकावर एक जरा चढवून सरकवायचे. त्या काळी काच जहाजातून यायची आणि येईपर्यंत अर्धी फुटायची. शिंपला तर खाऱ्यातच वाढलेला, त्याला खाऱ्या वाऱ्याचं काय भय? आणि काचेतून ऊन घुसतं, शिंपल्यातून गाळून येतं. पेजेवरचं पाणी जसं असतं ना, पांढरं पण दाट नाही, तसा उजेड.

बाबा सांगायचे की शिमग्याला देवाची पालखी त्या सदरेत जायची. दारातून आत, खिडक्यांच्या ओळीने राजाच्या बैठकीपर्यंत. राजा उठून सामोरा जायचा नाही, तो बसून राहायचा आणि देव त्याच्याकडे यायचा. मला लहानपणी याचा राग यायचा. राजा झाला म्हणून काय झालं, देवासमोर उठायला नको? मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "जुन्या लोकांनी ठरवलेला आसा, तू गप बस." मी जन्मायच्या आधीच सदरेचं छप्पर बसलं होतं. राजघराण्यातली माणसं बेळगाव, पुणे अशी पांगली. कुणीतरी पडझड नको म्हणून दाराकडच्या खिडक्या चिरे लावून, चुना थापून बुजवल्या. पालखी चौकातल्या तुळशीला वळसा घालून परत जायला लागली. मला कळायला लागल्यापासून हेच, मी म्हातारा झालो तरी तसंच.

आणि मग त्या तेवीस साली राजवाड्याची दुरुस्ती निघाली. जुन्याच खाचांत तुळया बसवून छप्पर झालं, आणि खिडक्यांसाठी मला बोलावणं आलं. मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. उगाच. त्यांना वाटू नये की मेस्त्री रिकामा बसलाय. खरं तर पहिल्याच दिवशी पटाशांना धार लावून बसलो होतो.

काम बघायला कोल्हापूरची एक मुलगी होती, केतकी. जुन्या इमारतींचं शिकलेली. डोक्यावर पिवळी टोपी, पायात बूट, आणि शिडीवर अशी चढायची की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. चुन्याच्या कामाला शिरोड्याचा इनास. इनास गवंडी आणि मी, आमचं भांडण लग्नाआधीपासूनचं. अंगाने बुटका, माझ्या खांद्याला लागेल न लागेल, पण आवाज बंदरावर ऐकू जाईल एवढा. त्याने बांधलेल्या भिंतीला मी नावं ठेवायची आणि मी बसवलेल्या दाराला त्याने. अशी आम्ही हयात काढली.

कामाच्या पहिल्या दिवशी चौकात नारळ ठेवला. गावच्या मानकऱ्याने, म्हणजे गावकराने, देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू राजवाड्याच्या खिडक्यांचा काम हातात घेता हा..." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि तिथे माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे, मी मध्येच मोठ्याने म्हणालो, "ह्या शिमग्याक पालखी सदरेतसून जातली! नववीपर्यंत सगळ्यो खिडक्यो लावन देतंय. नाय झाला तर हत्यारां देवळात नेऊन ठेवतलंय, परत हात लावचंय नाय!"

 गाऱ्हाण्यात पडलेला शब्द परत घेता येत नाही, हे आमच्याकडे पोरांनासुद्धा ठाऊक आहे. गावकर माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने तेही देवाला सांगून टाकलं. आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यांत इनासाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तो चर्चला जाणारा माणूस, पण माझी हत्यारं जाणार म्हटल्यावर त्याला आमचा देवही चालला.

घरी शेवंतीला आधीच कळलं होतं. गावात बातमीला पाय लागत नाहीत. ताटात भात वाढताना ती म्हणाली, "कोणी विचारलेल्यान तुमका? तोंड बंद ठेवक काय कष्ट पडतत?"

"माझो शब्द आसा तो."

"शब्द तुमचो, आणि हत्यारां गेल्यावर दिवसभर घरात बसान डोक्या कोणाचा खातलास?"

आता मापाच्या काठीचं सांगायला हवं. आमच्या घराण्याची चाल अशी, की ज्या घराचं काम त्या घराची एक काठी. मुख्य चौकटीचं माप घ्यायचं, सागाची काठी तेवढीच कापायची, आणि देवापुढे ठेवून तिला नारळ द्यायचा. नारळ दिला की ती काठी म्हणजे त्या घराचा कायदा. तासायची नाही, जोडायची नाही. सगळी दारं-खिडक्या तिच्यावरून. काम पुरं झालं की तिला छपरात तुळईवर ठेवून द्यायचं. जुन्या घरांची कौलं काढली की अजून अशा काठ्या सापडतात. मी बैठकीजवळच्या पहिल्या खिडकीचं माप घेतलं. ती उघडी होती, चौकट शाबूत होती. काठी कापली, नारळ दिला, आणि झडपा करायला बसलो.

केतकी म्हणाली, "काका, बुजवलेल्या खिडक्या उघडेपर्यंत थांबा ना. प्रत्येकीचं माप वेगळं घेऊ."

"बाई, एका बापाच्या नऊ मुली. नाक इकडे तिकडे असेल, अंग एकच."

"तुम्हाला मुली किती?"

"एकही नाही. दोन मुलगे."

"मग तुम्हाला कसं ठाऊक?"

मी रंध्याचा आवाज वाढवला.

शिंपल्यांचीही ओढाताण होती. खाडीतून नवे काढायला बंदी आहे, आणि ती बरोबरच आहे, उरलेत किती? जुने शिंपले माळ्यावर पेट्यांत होते, भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेले. एकेक काढून पुसायचा, उन्हाला धरायचा. पहिला शिंपला धरला तेव्हा माझ्या बोटांची सावली त्यातून गुलाबी दिसली आणि मी त्या वयात पोरासारखा ओरडलो, "अगे बाई, बघ बघ!" पण माझ्या काठीच्या हिशोबाने ते पुरत नव्हते. शेवटच्या दोन खिडक्या रिकाम्या राहणार होत्या. केतकी म्हणाली तिथे काच बसवू. मी म्हणालो काच बसवली तर मी घरी जातो. ती म्हणाली, "तुम्ही रोजच जाता काका, संध्याकाळी." या मुलीला उत्तर देणं फार कठीण.

ते दिवस आता काजूखाली उभं राहिलं की अंगावर येतात. सकाळी गार वारा, दुपारी चिरे तापून त्यांतून येणारा मातीचा वास, फणसाच्या लाकडाचा भुसा मिशीत बसलेला. इनास चुना मळायचा त्याचा ओला, तिखट दर्प. खाली समुद्र आपलं काम करतोय. आणि दुपारच्या सुट्टीत कुणीतरी बोंडं आणलेली, मीठ लावून खायची, रस कोपरापर्यंत, सदऱ्यावर डाग. तो डाग जात नाही. तो सदरा मी अजून टाकलेला नाही. शेवंती त्याची पायपुसणी करायच्या मागे आहे.

शिमगा तोंडावर आला आणि बुजवलेल्या खिडक्या उघडल्या. मी झडपा घेऊन गेलो. पहिली बसली, टाळी वाजवावी तशी. दुसरी कडेला अडली. तिसरी त्याहून अडली. चौथी तर चौकटीत शिरायलाच तयार नाही.

"इनासा!" मी ओरडलो, "तुझो गिलावो फुगलो हा!"

"गिलावो नाय फुगलो, तुझी छाती फुगली हा!" तो तिथूनच.

गिलावा खरवडला. आत चिऱ्याची कड निघाली, सरळ, छिनीने साफ केलेली. कुठे ढळलेली नाही, कुठे नंतर ठिगळ लावलेलं नाही. बांधणाऱ्याने ती तशीच कापली होती. पाचवी बघितली, सहावी बघितली. प्रत्येक खिडकी आधीच्या खिडकीपेक्षा दोन बोटं अरुंद. उंचीलाही कमी. दाराजवळची नववी तर पहिलीची धाकटी बहीण शोभावी एवढी. आणि माझ्या नऊच्या नऊ झडपा एका मापाच्या, मागच्या भिंतीला ओळीने उभ्या. जणू मलाच हसतायत.

केतकी टेप गुंडाळायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं. इनास नावं न ठेवताच चुना मळायला गेला, ते तर फारच वाईट.

मी बैठकीच्या टोकाला गेलो आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. जेवायला उठलो नाही. डब्यातली आमटी गार झाली. डोक्यात एकच, की आता हत्यारं उचलायची आणि देवळात न्यायची. साठ वर्षं हातात असलेली पटाशी, तिची मूठ माझ्या तळव्याच्या आकाराची झालेली. ती दुसऱ्या कुणाच्या हाताला लागायची नाही, देवाच्याही नाही. समोर नवी उघडलेली सदर लांबवर पसरलेली होती, आणि मला वाटलं, ही मी समजत होतो त्यापेक्षा फारच लांब आहे.

तेवढ्यात पलीकडच्या दारातून इनास आत आला. हातात चुन्याची बादली. दाराकडची जमीन जरा चढती आहे, ती त्याला भरून सपाट करायची होती. बैठकीकडे पाया खचलाय असं त्याचं मत. मी वर बघितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे इनासा! तू इतको मोठो कधी झालंस रे?"

थट्टा नव्हती ती. इनास दारात मावत नव्हता. डोकं तुळईला लागलेलं, खांदे दोन्हीकडच्या भिंतींना. बुटका इनास एखाद्या राक्षसासारखा दार भरून उभा. तो चालत पुढे आला तसतसा लहान होत गेला, आणि माझ्यासमोर आला तेव्हा पुन्हा माझ्या खांद्याएवढाच इनास.

"परत जा," मी म्हणालो.

"कित्याक?"

"जा रे मेल्या, सांगतंय ता कर!"

तो गेला, आणि वाढत गेला. मी उठून धावलो. या गुडघ्यांनी धावलो! केतकीला ओढत आणलं, बैठकीजवळ बसवलं, म्हटलं बघ. तिने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मग मी दाराकडे गेलो आणि तिकडून तिला बघितलं. ती मुलगी बैठकीवर बाहुलीएवढी दिसत होती. मागची भिंत उंच, रुंद, आणि तिच्यापुढे इवलीशी पिवळी टोपी. मग आम्ही तिघे जागा बदलत राहिलो. इकडून तिकडे, तिकडून इकडे, ओरडत, हसत. कामावरची माणसं दारात जमली, त्यांना वाटलं म्हाताऱ्यांना ऊन लागलं.

केतकी गुडघ्यांवर बसून जमिनीवर टेप लावत होती, वर तुळया बघत होती. "जमीन चढत जाते. छप्पर उतरत जातं. भिंती जवळ येत जातात. खिडक्या लहान होत जातात. काका, हे सगळं ठरवून केलंय! मी मापं वेगळी असतील म्हटलं, पण का, ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं." इनासाने हातातली बादली हळूच बाजूला ठेवली. आणखी दोन थापे टाकले असते तर त्याने ते सगळं सपाट केलं असतं. त्याने छातीवर क्रूस केला.

मग मीच म्हणालो, हळू आवाजात. मला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "राजो हय बसतलो. देव थयसून येतलो."

 सगळ्यांना एकदमच कळलं. राजा उठत नाही म्हणून मी लहानपणी रागावलो होतो. त्या राजाच्या डोळ्यांना शिमग्याला काय दिसत असेल? दारातून देव येतोय, दार भरून, भिंती भरून, छपराला टेकलेला. आणि पालखी घेऊन येणाऱ्या भोयांना, देवाच्या तरंगकाठ्या धरणाऱ्यांना, ढोलवाल्यांना काय दिसत असेल? पलीकडे, मोठ्या भिंतीच्या पायाशी, बसलेला एक एवढासा राजा.

अंगावर काटा आला. आजही, हे लिहितानाही आलाय, इथे हातावर.

आता सांगायचं ते कामाचं. झडपा मोठ्या होत्या हे बरं, लहान करता येतात. लहान असत्या तर हत्यारं गेलीच होती. पण काठीचं काय? नारळ दिलेली काठी, तिला धक्का लावायचा नाही. घरी गेलो, शेवंतीला सगळं सांगितलं, आणि सांगितलं की मी अडकलो.

ती नारळ किसत होती. म्हणाली, "त्या जुन्या मेस्त्रीन काय केल्यान असात? तेच्याकडे एकच काठी होती?"

मी ताडकन उठलो. नऊ खिडक्या, नऊ काठ्या! काठीला धक्का लावायचा नाही, पण दुसरी काठी करू नये असं कुठे आहे? त्याच संध्याकाळी उरलेल्या आठ खिडक्यांच्या आठ काठ्या कापल्या, प्रत्येकीला नारळ दिला. पुढे किती तरी दिवस आमच्याकडे खोबरंच खोबरं. वड्या, सोलकढी, उसळीत खोबरं, भाजीत खोबरं. शेवटी शेवंती म्हणाली, "तुमच्या राजाक आणखी चार खिडक्यो सुचल्यो नाय ह्या देवाची कृपा."

आणि शिंपले! अरुंद खिडक्यांना शिंपले कमी लागतात. माळ्यावरचे शिंपले त्या खिडक्यांचेच तर होते, पुरणारच. नवव्या खिडकीत वरच्या कोपऱ्यात थोड्या खाचा रिकाम्या राहिल्या, कारण काही शिंपले फुटके होते. तिथे केतकीने काच सुचवली नाही, आणि मीही काही बसवलं नाही. तिथून समुद्र दिसतो. असू दे.

शिमग्याच्या दिवशी शेवटची झडप लावली तेव्हा देवळाकडून ढोल ऐकू यायला लागले होते. मी हात धुतले, नवा सदरा घातला. बेळगावाहून राजेसाहेब आले होते, वयाने माझ्याएवढेच, काठी टेकत. त्यांना बैठकीवर बसवलं. मी त्यांच्या बाजूला, भिंतीला लागून. दुसऱ्या कुठे उभा राहणार? एवढा मान मी स्वतःच घेतला, कुणी दिला नाही.

ऊन खाली उतरलं होतं. नऊ खिडक्यांतून तो उजेड आत आला आणि माझ्या लक्षात आलं की बाबांनी जे सांगितलं होतं ते कमीच सांगितलं होतं. आधी पेजेसारखा, मग हळूहळू पिकल्या आंब्यासारखा. जमीन, खांब, माणसांचे चेहरे, राजेसाहेबांची पांढरी दाढी, सगळं त्यात भिजलं. ढोल जवळ आले, ताशा जवळ आला. दारात भोयांनी पालखी वाकवली, आत घेतली, आणि सरळ केली.

काय सांगू! ज्याने ते बघितलं नाही त्याला सांगून कळायचं नाही, आणि ज्याने बघितलं त्याला सांगायला नको. देव दार भरून आला. गुलाल खिडक्यांच्या उजेडात उडत होता आणि त्यातून पालखी पुढे सरकत होती. लोक ओरडत होते, "व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा!" आणि मी ओरडत होतो, रडत होतो, कुणाला पर्वा. राजेसाहेब बसलेलेच होते. त्यांचे हात जोडलेले आणि ओठ हलत होते. पालखी जवळ आली, नेहमीएवढी झाली, नारळ झाला, आरती झाली.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मेस्त्री, आमच्या पूर्वजांना हे ठाऊक असेल?"

"ठाऊक असल्याशिवाय कोण स्वतःला लहान करून घेईल, महाराज?" मी म्हणालो.

पण खरं सांगू? ते मी तोंडदेखलं म्हणालो. त्या संध्याकाळी पायऱ्यांवर बसून आम्ही तिघे त्यावरच भांडलो. केतकीचं म्हणणं, राजानेच सांगितलं असणार, गोव्यात असली बांधणी बघून आला असेल. इनासाचं म्हणणं, "राजे असा सांगनत नाय रे. भटाचा काम ता." माझं म्हणणं, मेस्त्रीने केलं. राजाला सांगितलं असेल की महाराज, सदर लांब दिसेल, मोठी दिसेल. आणि राजा खूश झाला असेल. देव केवढा दिसेल आणि तू केवढा दिसशील, हे मेस्त्री मनातल्या मनात ठेवून हसला असेल. राजाला ते कळलं असेल पहिल्या शिमग्याला, बैठकीवर बसल्यावर. आणि कळल्यावरही त्याने सदर पाडली नाही, हे राजेपण. यात थोडं मेस्त्रीचं, थोडं राजाचं. इनासाने मान्य केलं नाही. त्याने माझं काहीच कधी मान्य केलेलं नाही. पण जाताना माझ्या खिडक्यांवरून हात फिरवून गेला, मला दिसणार नाही अशा बेताने. मला दिसलं.

आता दर शिमग्याला पालखी सदरेतूनच जाते. लोकांना सवय झाली. सवय होणं चांगलंच, त्यासाठीच तर केलं. पण त्या पहिल्या संध्याकाळची गोष्ट वेगळी होती. घरी आलो तर शेवंती जागी होती. पालखीला ती चौकापर्यंतच आली होती. सदरेच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत, गर्दीत कोण धरणार? तिने ढोल ऐकले, लोकांचा आवाज ऐकला, आणि घरी येऊन चूल पेटवली. मी सांगत सुटलो, देव असा दिसला, एवढा दिसला. ती ऐकत राहिली. म्हणाली, "बरा झाला." एवढंच.  पन्नास वर्षं मी दुसऱ्यांची दारं बसवत हिंडलो आणि या बाईने मी सांगितलेलंच ऐकलं. तिने स्वतः काय बघितलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी, गुलाल अजून जमिनीवर होता तेव्हा, मी तिला हाताला धरून राजवाड्यावर नेलं. एकेक पायरी, थांबत थांबत. ती सारखी म्हणत होती, "अवो, लोक काय म्हणतले?" पहारेकरी ओळखीचा, त्याने दार उघडून दिलं. तिला दारापाशी उभं केलं आणि मी पलीकडे जाऊन बैठकीच्या पायाशी, जमिनीवर बसलो.

"ये गो," मी हाक मारली.

"काय बघतास असे?" ती म्हणाली, आणि पदर सावरून चालायला लागली. तिचं डोकं तुळईला लागलं होतं. खिडक्यांचा सकाळचा उजेड तिच्या पांढऱ्या केसांवर, हातांतल्या बांगड्यांवर. दुखऱ्या पायाने ती अर्ध्यात थांबली. मी तिला घाई केली नाही. ती अजून मोठी होती, आणि मी हात जोडून बसलो होतो.